कशेडीच्या अलीकडे : न्यायाचा न मांडलेला खर्च

कशेडी घाटात अपघात झाला की जखमींना खाली उतरवल्यावर एक गोष्ट लगेच ठरवावी लागते. गाडी नेमकी कुठे उलटली? वळण पोलादपूरच्या हद्दीतलं असेल तर गुन्हा पोलादपूर पोलीस ठाण्यात नोंदला जातो, आणि दोन वळणं पुढे, खेडच्या हद्दीत असेल तर खेडला. एवढ्या फरकावर पुढची कित्येक वर्षं ठरतात. अलीकडचं प्रकरण मोठं असेल तर माणगावच्या सत्र न्यायालयात किंवा अलिबागला जातं, आरोपीला न्यायालयीन कोठडी मिळाली तर अलिबागच्या कारागृहात. पलीकडचं प्रकरण खेडच्या सत्र न्यायालयात, आणि आरोपी रत्नागिरीच्या विशेष कारागृहात. ऑगस्ट २०२५ पासून ही रेषा आणखी वरपर्यंत गेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्टला सुरू झालं आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे गेला. रायगड मुंबईतच राहिला. म्हणजे एकाच घाटात, एकाच पावसात घसरलेल्या दोन ट्रकांची अपिलं आज दोन वेगळ्या शहरांत चालतील.

मुंबईच्या चाकरमान्याला कशेडी ओळखीचा असतो तो गणपतीच्या गर्दीमुळे, कशेडी टॅपवरच्या महामार्ग पोलिसांमुळे, किंवा मे २०२० च्या टाळेबंदीत ई-पास तपासण्यासाठी लागलेल्या त्या लांबच लांब रांगांमुळे. २०२३ च्या गणपतीत बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांना खुली झाली आणि पाऊण तासाचा घाट काही मिनिटांवर आला. बोगद्याचं उत्तरेचं तोंड पोलादपूर तालुक्यात भोगावजवळ आहे, दक्षिणेचं खेड तालुक्यात. सुमारे दोन किलोमीटरच्या त्या अंधारात जिल्हा बदलतो, न्यायालय बदलतं, तुरुंग बदलतो. गाडीतल्या कुणाला ते कळतही नाही. कळतं ते ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला.

राज्याच्या अर्थसंकल्पाबद्दल लिहायचं तर विधानभवनापासून सुरुवात करायची रीत आहे. मला ती कशेडीच्या अलीकडच्या उतारावरून करायची आहे. न्यायालयं, तुरुंग, सरकारी वकील, कैद्यांची ने-आण यांवर सरकार जो पैसा खर्च करत नाही, तो वाचत नाही. तो कुणाकडून तरी वसूल होतो, आणि महाड-पोलादपूरकडे तो वसूल होताना उघड्या डोळ्यांनी दिसतो. एसटीच्या तिकिटात, बुडालेल्या मजुरीत, जामीनदार शोधण्यात गेलेल्या आठवड्यांत.

आधी पुस्तकातला हिशेब पाहू. राज्याच्या अंदाजपत्रकात प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष असतं. न्यायदानाचं मुख्य लेखाशीर्ष २०१४, पोलिसांचं २०५५, तुरुंगांचं २०५६. न्यायालयाची इमारत बांधायची तर तो भांडवली खर्च, ४०५९ खाली, आणि बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. न्यायालयं विधी व न्याय विभागाकडे, पोलीस व तुरुंग गृह विभागाकडे, सहायक सरकारी अभियोक्तेही गृह विभागाकडे. एका खटल्याला न्यायाधीश, पोलीस, सरकारी वकील, तुरुंग आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा हे पाचही लागतात; एक उशिरा आला तरी तारीख पडते. पण या पाचांचा पैसा एकत्र बसून कुणी ठरवत नाही. महाडला न्यायाधीशाचं आणखी एक पद मंजूर झालं, तर त्याबरोबर आणखी एक अभियोक्ता, आणखी एक कारकून, कैदी आणायला आणखी एक गाडी मंजूर होईलच असं नाही. त्या फायली वेगळ्या मजल्यांवरून फिरत असतात.

आणखी एक भेद या पुस्तकांत असतो, तो वाचकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही खर्च ‘भारित’ असतो, काही ‘दत्तमत’. भारित खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. तो राज्याच्या एकत्रित निधीवरचा बांधील भार. राज्यघटनेच्या २०२ आणि २२९ या अनुच्छेदांनुसार उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार आणि उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च भारित आहे. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यासाठी घटनाकारांनी मुद्दाम केलेली ही सोय. जिल्हा आणि तालुका न्यायालयांना ती नाही. त्यांचा खर्च दत्तमत, म्हणजे दर वर्षी मागायचा, मंजूर करून घ्यायचा, सुधारित अंदाजात कापला गेला तर निमूटपणे ऐकायचं. महाडच्या दिवाणी न्यायाधीशाकडे जो पक्षकार उभा राहतो, त्याच्यासाठी राज्य म्हणजे तेच न्यायालय. उच्च न्यायालयाची पायरी त्याला बहुधा आयुष्यात चढावी लागत नाही. संरक्षण मात्र वरच्या पायरीला आहे.

२०२५-२६ चा महाराष्ट्राचा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटी रुपयांचा होता. या एवढ्या आकड्यात न्यायाला काय येतं, याचा अंदाज ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०२५ च्या अहवालातून येतो. देशात कुठलंही राज्य आपल्या एकूण वार्षिक खर्चाच्या एक टक्क्याहून जास्त रक्कम न्यायालयांवर खर्च करत नाही. दरडोई पाहिलं तर पोलिसांवर वर्षाला १,२७५ रुपये, न्यायालयांवर १८२, तुरुंगांवर ५७, आणि मोफत कायदेशीर मदतीवर ६ रुपये. हे देशाचे सरासरी आकडे. पोलिसांचा आकडा मोठा आहे म्हणून मी तक्रार करणार नाही. पोलादपूरच्या पोलीस शिपायाच्या वाट्याला त्यातलं काय येतं ते त्याच्या चौकीकडे पाहून कळतं. माझं म्हणणं प्रमाणाबद्दल आहे. माणसाला पकडण्यासाठी राज्य १,२७५ रुपये ठेवतं आणि त्या माणसाच्या बाजूने बोलायला ६. या दोन आकड्यांच्या मधे जे अंतर आहे, ते त्या माणसाला स्वतःच्या पैशाने भरायचं असतं.

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणू. हे कुणा एकाचं प्रकरण नाही. कायदा, अंतरं आणि दर खरे आहेत, माणूस कल्पनेतला. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतला कातकरी तरुण, वय बावीस. पावसाळ्यात भाताच्या लावणीला, दिवाळीनंतर वीटभट्टीवर. महामार्गाच्या कामावरचं लोखंडी सामान चोरल्याच्या आरोपावरून त्याला धरलं. मालाची किंमत लावली दहा हजार. ती पाच हजारांच्या आत असती आणि गुन्हा पहिला असता, तर माल परत केल्यावर नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा होती. दहा हजारांवर ती सोय लागू नाही. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद. दंडाधिकाऱ्यांपुढे उभा केला, पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी (एमसीआर) झाली. जामीन मंजूर झाला : पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार.

जामीनदार म्हणजे काय ते ज्यांनी शोधला आहे त्यांना माहीत आहे. त्याचा सात-बारा लागतो किंवा घराची घरपट्टी, रेशन कार्ड, आधार, आणि कधी तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला. कातकरी वाडीत सात-बारा कुणाच्या नावावर? वाडी ज्या जमिनीवर उभी आहे ती बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या मालकीची, नाहीतर वनखात्याची. गावातला खातेदार जामीन राहायला तयार झाला तरी त्याचा एक दिवस जातो, तो दिवस भरून द्यायला लागतो, आणि पुढे तो माणूस भट्टीवर राबवून घेणारा असेल तर जामिनाची किंमत पैशापेक्षा जड होते. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७८ मध्ये मोतीराम प्रकरणात हेच सांगितलं होतं : गरिबाच्या जामिनाची अट त्याच्या ऐपतीबाहेरची ठेवणं म्हणजे जामीन नाकारणं. त्याला आता पन्नास वर्षं होत आली.

तर मुलगा अलिबागला जातो. जिल्हा कारागृह तिथे हिराकोट किल्ल्यात आहे, कान्होजी आंग्र्यांच्या काळातल्या कोटात. त्याची अधिकृत क्षमता शंभरच्या आत आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तळोज्याचं मध्यवर्ती कारागृह उभं राहिलं, पण ते प्रामुख्याने मुंबईच्या गर्दीसाठी. रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा कच्चा कैदी अजूनही आरमाराच्या काळातल्या भिंतींमागे राहतो. करोनाच्या काळात जागा इतकी अपुरी पडली की नव्या कैद्यांना ठेवण्यासाठी अलिबागमधली नगरपालिकेची शाळा वापरावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये एका प्रसिद्ध वृत्तवाहिनीच्या संपादकाला त्या शाळेत ठेवलं, तेव्हा देशभरच्या वार्ताहरांनी तिच्या फाटकासमोर गर्दी केली होती. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला. व्यक्तिस्वातंत्र्य एका दिवसासाठी हिरावलं गेलं तरी तो दिवस फार मोठा असतो, अशा आशयाचं न्यायालयाने त्या निकालात लिहिलं, आणि ते खरंच आहे. ते वाक्य हिराकोटातल्या प्रत्येक बराकीला लागू आहे.

मुलाच्या आईला त्याला भेटायला पोलादपूरहून निघून महाड, माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ आणि मग अलिबाग असं यावं लागतं. एका बाजूचं अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. पहाटे निघाली तर मुलाकातीच्या वेळेत पोचते, परत यायला रात्र. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, म्हणून ती जाऊ शकते. गंमत नाही, पण परिवहन खात्याच्या त्या एका निर्णयाने दक्षिण रायगडातल्या कैद्यांच्या आयांना जेवढी मदत झाली असेल, तेवढी न्यायखात्याच्या कुठल्या योजनेने झाली असेल असं मला वाटत नाही. तिकीट निम्मं झालं, मजुरीचा खाडा मात्र पूर्ण.

मुलाच्या तारखा महाडला. त्याला अलिबागहून आणायला पोलीस मुख्यालयातून ‘कैदी पार्टी’ लागते : दोन-तीन शिपाई, गाडी, डिझेल. पार्टी उपलब्ध नसली की कैदी येत नाही, साक्षीदार आलेला असला तरी साक्ष होत नाही, पुढची तारीख पडते. बंदोबस्ताचे दिवस, गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा असला की पार्टी सगळ्यात आधी रद्द होते. त्यावर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग हा उपाय. तो स्वस्त आहे, कामाचाही आहे, पण त्याला तुरुंगात आणि न्यायालयात दोन्हीकडे चालणारी यंत्रं, पडदे, जोडणी आणि ती सांभाळणारा माणूस लागतो. कच्च्या कैद्यांना तारखेला हजर केलं जात नाही यावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सरकारला जाब विचारला, तेव्हा चर्चा शेवटी याच साध्या खरेदीवर आली. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर केले आहेत. तो पैसा तालुक्याच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत आणि हिराकोटाच्या आतल्या एका खोलीपर्यंत पोचला की नाही, हे पाहायला कुणीतरी जायला हवं.

कायदा या मुलाच्या बाजूने अगदीच नाही असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला सोडायचं आहे. तीन वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. दहा हजारांच्या लोखंडासाठी, दोष सिद्ध न होता, एक वर्ष. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला त्याआधीचीही वाट सांगून ठेवली आहे : जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करायचा. आदिवासी म्हणून आणि कैदी म्हणूनही त्याला १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. या सगळ्या वाटा कागदावर आहेत, आणि प्रत्येक वाटेवर चालायला एक पगारी माणूस लागतो जो फाइल उघडून पाहील. ते सहा रुपये इथे कमी पडतात.

केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांसाठी योजना आणली. वर्षाला २० कोटी रुपये. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे जामिनासाठी पैसे नसलेल्या कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत, दंड भरू न शकणाऱ्या शिक्षाबंद्याला २५ हजारांपर्यंत. प्रत्येक जिल्ह्यात समिती : जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, आणि तुरुंगाची जबाबदारी असलेले न्यायाधीश. आपल्या कल्पनेतल्या मुलाची गरज पंधरा हजारांची, म्हणजे योजनेत अगदी सहज बसणारी. पण पहिल्या वर्षांत बहुतेक राज्यांनी या पैशाला फारसा हात लावला नाही, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला पत्रं पाठवून राज्यांना आठवण द्यावी लागली. पैसा नाही असं इथे म्हणता येत नाही. पैसा होता, तो मागणारं पत्र कुणी लिहिलं नाही.

हे या एकट्या योजनेचं दुखणं नाही. अकराव्या वित्त आयोगाने जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी दिले, १,७३४ न्यायालयं ठरली. २०११ ला केंद्राने हात आखडता घेतल्यावर पुष्कळ राज्यांत ती मावळली. तेराव्या आयोगाने २०१० ते २०१५ साठी न्यायसंस्थेला ५,००० कोटी ठेवले, त्यातला मोठा भाग वापरलाच गेला नाही. ग्रामन्यायालयांचा कायदा २ ऑक्टोबर २००९ ला लागू झाला. दुर्गम तालुक्यात न्यायाधीशाने गावाकडे जावं, ही त्यातली कल्पना पोलादपूरसारख्या तालुक्यासाठीच जणू केलेली. केंद्राची मदत एका न्यायालयाला एकदाच १८ लाख, आणि पुढे तीन वर्षं दर वर्षी ३ लाख २० हजार. चौथ्या वर्षापासून राज्याने बघायचं. न्यायाधीश, कारकून, बेलीफ, शिपाई, भाडं, गाडी हे सगळं ३ लाख २० हजारांत बसत नाही, हे कुठल्याही तालुक्यातला कारकून सांगेल. देशभर ही न्यायालयं हवी तेवढी का झाली नाहीत याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

न्यायालय आणि महाड हे शब्द एकत्र आले की चवदार तळं आठवतंच, आणि त्याची कोर्टातली बाजू मला या विषयात फार महत्त्वाची वाटते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव ५ जानेवारी १९२४ चा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी प्यायलं आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. त्या हल्ल्याचा फौजदारी निकाल ६ जून १९२७ ला लागला. पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी. हे सगळं अडीच महिन्यांत. त्याच वर्षी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात तळ्यावर हक्क सांगणारा दावा दाखल झाला, क्रमांक ४०५. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम. न्यायालयाचा मान राखून डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला. मनाई फेब्रुवारी १९२८ मध्ये उठली, महाडचा निकाल जून १९३१ मध्ये, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातलं अपील १९३३ मध्ये संपलं, आणि उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला. सत्याग्रहाला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते.

नगरपालिकेने आधीच खुल्या केलेल्या पाण्यासाठी महाड, ठाणे, मुंबई असा दहा वर्षांचा प्रवास. प्रतिवादींमध्ये स्वतः बॅरिस्टर आंबेडकर होते, म्हणून तो प्रवास शेवटपर्यंत झाला. मुंबईच्या गोलपिठ्यातला हमाल किंवा महाडच्या आसपासच्या गावातला शेतमजूर एकटा प्रतिवादी असता तर पहिल्या अपिलाच्या आधीच थकला असता. इतिहास म्हणून आपण या निकालाचा गौरव करतो, आणि तो करायलाच हवा. पण त्याच फाइलकडे पक्षकाराच्या बाजूने पाहिलं की दिसतं, हक्क मिळवण्याची किंमत तेव्हाही हक्क मागणाऱ्यावरच टाकलेली होती. त्या वेळी ब्रिटिश सरकारचं अंदाजपत्रक होतं. आज आपलं आहे.

‘दक्ष’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभरच्या न्यायालयांतल्या नऊ हजारांहून अधिक पक्षकारांशी बोलून त्यांचा खर्च मोजला होता. दिवाणी दाव्यातल्या माणसाचे एका तारखेला सरासरी ४९७ रुपये खर्च होत होते आणि ८४४ रुपयांची मजुरी बुडत होती. फौजदारीत खर्च ५४२, बुडीत मजुरी ९०२. वकिलाची फी यात नाही. बुडालेल्या कमाईची देशाची वार्षिक बेरीज त्यांनी काढली ती ५० हजार कोटींच्या वर गेली. हे दहा वर्षांपूर्वीचे रुपये. महाडच्या न्यायालयातला एक मोठा वर्ग मुंबई, ठाणे, विरार, पनवेलला राहणाऱ्या चाकरमान्यांचा आहे. वडिलोपार्जित जमिनीचं वाटप, वहिवाटीचा रस्ता, बांधावरचा आंबा यांच्या दाव्यांत पाच भाऊ पाच ठिकाणांहून येतात. एका तारखेला पाच जणांचे पाच दिवस, आणि पुकारा झाल्यावर कळतं की साहेब आज प्रशिक्षणाला गेलेत. तो खर्च २०१४ या लेखाशीर्षात कुठेच नाही, पण न्यायदानाच्या खर्चाचा तोच सगळ्यात मोठा भाग आहे.

विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पाच वर्षांत तेवढे नेमा असा आदेश दिला. २०२५ मध्ये प्रत्यक्ष काम करणारे दहा लाखांमागे १५ होते. तुरुंगांकडे पाहिलं तर २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या तुरुंगांत सुमारे ४१ हजार माणसं होती, जागा सुमारे २५ हजारांची, आणि दर पाचांतले चार कच्चे कैदी. या दोन गोष्टींना आपण वेगळे प्रश्न समजतो. न्यायाधीशाच्या पदावर न केलेला खर्च तुरुंगाच्या अन्नावर, पहाऱ्यावर, औषधांवर होतो, फक्त दुसऱ्या विभागाच्या पुस्तकात. पंधरा हजारांच्या जामिनाअभावी वर्षभर आत ठेवलेल्या मुलावर राज्य पंधरा हजारांहून कितीतरी जास्त खर्च करतं.

हवं तेव्हा ही यंत्रणा वेगाने चालू शकते, हेही महाडने पाहिलं आहे. २४ ऑगस्ट २०२१ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना संगमेश्वर तालुक्यात अटक झाली आणि महामार्गाने महाडला आणलं. गुन्हा महाडला नोंदलेला होता. रात्री न्यायालय बसलं, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद झाला, आणि मध्यरात्रीच्या आत पंधरा हजार रुपयांच्या बंधपत्रावर जामीन झाला. त्यात वावगं काही नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न रात्री आला तर न्यायालयाने रात्री बसावं, हे कायद्याला धरूनच आहे. न्यायाधीश होते, कर्मचारी थांबले, सरकारी वकील हजर होते, आरोपीचे वकील तयार होते, पोलिसांची गाडी होती. पाचही गोष्टी एका वेळी एका ठिकाणी आल्या आणि निर्णय काही तासांत झाला. त्याच रकमेसाठी आपला वाडीवरचा मुलगा महिनोन्‌महिने आत राहतो, कारण त्याच्यासाठी या पाच गोष्टी एका दिवशी जुळत नाहीत. त्या जुळवणं हाच अर्थसंकल्पाचा विषय आहे.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. नवा पूल ५ जून २०१७ ला वाहतुकीला खुला झाला. दहा महिने. पैसा, मान्यता, ठेकेदार, सगळं आलं, कारण पूल नसणं सगळ्यांना दिसत होतं. मंडणगडला, बाबासाहेबांच्या आंबडव्याच्या तालुक्यात, न्यायालयाची नवी इमारत उभी राहिली आणि १२ ऑक्टोबर २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी तिचं उद्घाटन केलं. डोंगराळ, छोट्या तालुक्यालाही न्यायालय देता येतं. ते देण्याची इच्छा वर कुठेतरी असावी लागते, आणि खालून कुणीतरी मागत राहावं लागतं.

खालून मागण्यालाही एक वेळ असते. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचे प्रस्ताव साधारण दिवाळीच्या आसपास खात्यांकडून वर जात असतात. मार्चमध्ये जे वाचलं जातं ते तेव्हा लिहिलं जातं. आजवरची रीत मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालण्याची. आस्थापनेवर किती माणसं, त्यांचे पगार किती, इतकंच विचारलं जातं. किती तारखा कैदी न आणल्यामुळे वाया गेल्या, जामीन होऊनही किती जण आत आहेत, मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून किती अहवाल यायचे बाकी आहेत, हे विचारलं जात नाही. हे तिन्ही आकडे महाडच्या न्यायालयाच्या नोंदवह्यांत, हिराकोटाच्या नोंदवहीत आणि पोलादपूर ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनाकडे आहेत. महाडच्या वकील मंडळींनी माहितीच्या अधिकारात ते काढले, आमदारांनी ते पुरवणी मागण्यांच्या चर्चेत एकदा वाचून दाखवले, आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पोलिसांना गाड्या देताना त्यातली एक गाडी केवळ कैदी पार्टीसाठी राखून ठेवा असं कुणी म्हटलं, तर त्याला नवा कायदा लागत नाही. गरीब कैद्यांच्या योजनेची जिल्हा समिती शेवटची कधी बसली हे जिल्हाधिकाऱ्यांना विचारायला तर माहिती अधिकाराच्या एका अर्जाचा कागद पुरतो. तो अर्ज अलिबागला जाऊन द्यायचीही गरज नाही. महाडच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवला की पोचतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.